सेसच्या आण्यापासून समूहशाळेपर्यंत : गावच्या शाळेचा इतिहास

महाराष्ट्रातल्या गावची सरकारी शाळा ही जेमतेम पावणेदोनशे वर्षांची संस्था आहे. गावात मुलांना शिकवण्याची रीत मात्र तिच्याहून बरीच जुनी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मोठ्या गावांत पंतोजीची गावठी शाळा भरे. तिला इमारत लागत नसे. कुणाच्या वाड्याची ओसरी, देवळाचा सभामंडप किंवा धर्मशाळेचा कोपरा पुरे. पंतोजीला पगार नसे. महिन्याकाठी थोडे पैसे, सणावाराला शिधा आणि सुगीत धान्य यांवर त्याचे चाले. ओनामा धूळपाटीवर गिरवायचा, हात बसला की बोरू आणि कागद. छापील पुस्तक नव्हतेच. उजळणी, पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवाई, दिडकी अशी अपूर्णांकांची कोष्टके मुले ओरडून पाठ करत. मोडी वाचता-लिहिता आली आणि हिशेब जमू लागला की शाळा संपली. कुलकर्ण्याच्या दप्तराला आणि वाण्याच्या वहीला जेवढे लागते तेवढे ही शाळा देत होती, आणि तेवढे ती चोख देत होती. या शाळेत येत ती मुख्यतः ब्राह्मण, वाणी, सोनार अशा लिहिण्याशी ज्यांचा संबंध होता त्या घरांतली मुले. कुणब्याचे मूल क्वचित दिसे. मुली आणि अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले दिसतच नसत.

पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारने या शाळांची मोजदाद केली. मुंबईच्या कौन्सिलातले प्रेंडरगास्ट यांनी १८२१ मध्ये असे लिहून ठेवले की शाळा नाही असे गाव इलाख्यात शोधून सापडणार नाही. हे मत पुढे फार वेळा उद्धृत झाले, विशेषतः इंग्रजांनी भरभराटीचे देशी शिक्षण मोडले असे म्हणणाऱ्यांकडून. आकडे तसे सांगत नाहीत. १८२९ च्या सुमारास मुंबई इलाख्यात १,७०५ शाळा आणि ३५,१४३ विद्यार्थी नोंदले गेले; लोकसंख्या तेव्हा पावणेसत्तेचाळीस लाखांच्या घरात होती. म्हणजे शंभर माणसांमागे एकही विद्यार्थी पुरता येत नाही. घरगुती शिकवण्या आणि नजरेतून सुटलेल्या शाळा धरल्या तरी चित्र फार बदलत नाही. प्रत्येक शाळेत सरासरी वीस-एकवीस मुले होती, हेही त्याच आकड्यांतून निघते.

गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचा शिक्षणविषयक खलिता याच काळातला. गावठी शाळा सुधारणे, छापील पुस्तके देणे आणि पंतोजींना तयार करणे यावर त्यांचा भर होता. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली मुंबईत काही शिक्षक तयार झाले आणि १८२६ मध्ये ते जिल्ह्यांच्या ठिकाणी पाठवले गेले. पण ही नव्या वळणाची शाळा खेड्यात पोचायला अजून तीसेक वर्षे लागली. १८५४ चा वुडचा खलिता आणि पुढच्याच वर्षी उभे राहिलेले विद्याखाते यांनी चौकट दिली. पैसा आला तो गावातूनच.

हा पैसा म्हणजे लोकल फंडाचा सेस. शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा घ्यायचा आणि त्यातून स्थानिक रस्ते व शाळा चालवायच्या, अशी पद्धत मुंबई इलाख्यात १८६३ पासून सुरू झाली. आरंभी ती लोकांच्या संमतीने चालते असे म्हटले जाई. १८६९ च्या कायद्याने ती सक्तीची झाली. सेसचा एक तृतीयांश हिस्सा शिक्षणाला ठरलेला होता. त्यामुळे ज्या गावात शाळा नव्हती तिथला शेतकरीही शाळेसाठी पैसे भरत होता, आणि ज्या गावात होती तिथे आपले मूल पाठवण्याची त्याची ऐपत नसली तरी भरतच होता. गावच्या शाळेच्या इतिहासातली ही गोष्ट विसरली जाते. सरकारी शाळा म्हणजे सरकारने गावाला दिलेली देणगी, असा समज पुढे पक्का झाला. मुळात ती गावाच्या साऱ्यातून उभी राहिली होती.

जोतीराव फुले यांनी नेमके याच मुद्द्यावर बोट ठेवले. शिक्षणाच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या हंटर आयोगापुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांनी जे निवेदन दिले त्याचा गाभा असा, की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर होतो. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही मागणी त्यांनी केली. शिक्षकाबद्दल ते जे म्हणतात ते आजही वाचण्यासारखे आहे. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातला असावा, गरज पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराची हत्यारे हाती धरायला त्याला लाज वाटू नये. त्याला निदान बारा रुपये पगार असावा, मोठ्या गावात पंधरा-वीस. आणि गावगाड्यात त्याला स्थान मिळावे म्हणून हिशेबतपासनीस, दस्तऐवजांची नोंद, टपाल किंवा स्टँपविक्री अशी कामे त्याच्याकडे सोपवावीत. शिक्षकाची पत पगाराइतकीच गावातल्या त्याच्या उपयोगावर ठरते, हे फुल्यांनी ओळखले होते. त्यांच्या मुख्य मागणीला आयोगाने फारशी दाद दिली नाही.

१८८४ च्या कायद्याने तालुका आणि जिल्हा लोकल बोर्डे आली आणि गावच्या शाळा त्यांच्याकडे गेल्या. ‘लोकल बोर्डाची शाळा’ हे नाव पुढे पाऊणशे वर्षे टिकले. बोर्डाने बांधलेल्या शाळेची ठेवण ठरलेली होती: दगडी जोते, एक लांबट दालन, पुढे पडवी, वर कौले. अशा इमारती मोठ्या गावांना मिळाल्या. बाकीच्यांनी चावडी, धर्मशाळा किंवा मारुतीचे देऊळ यांवर भागवले.

शाळेतून बाहेर पडायचे दार म्हणजे सातवीची वर्नाक्युलर फायनल परीक्षा. ‘फायनल पास’ माणूस गावात वेगळा ओळखू येई. त्याला मास्तर होता येई, तलाठी होता येई. शेतकऱ्याच्या पोराला जमिनीबाहेरची वाट दिसली ती या परीक्षेमुळे. तपासणीला येणारा डेप्युटी एज्युकेशनल इन्स्पेक्टर गावाच्या तोंडी ‘दिपोटी’ झाला. दिपोटी यायचा म्हटले की भिंतींना पोतेरे, जमिनीला शेणसारवण, मुलांना धुतलेले कपडे आणि मास्तरांच्या तोंडचे पाणी पळालेले. त्याच्या जेवणाची सोय बहुधा पाटलाकडे असे. तपासणीच्या शेऱ्यावर मास्तरांची बढती ठरे, तेव्हा ही धावपळ निष्कारण नव्हती.

मास्तर गावचा नसला तरी गावाचे बरेचसे लिखाण त्याच्याच हातून होई. खेड्यातली टपालकचेरी अनेकदा शाळामास्तरच थोडक्या भत्त्यावर चालवी; फुल्यांची सूचना त्या रूपाने तरी अमलात आली म्हणायची. कोकणातून आणि सातारा-कोल्हापूरच्या घाटमाथ्यावरून माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली तशा गावात मनिऑर्डरी येऊ लागल्या. आलेले पत्र मास्तरांनी वाचून दाखवायचे, उत्तर त्यांनीच लिहायचे, मनिऑर्डरीवरच्या अंगठ्याला साक्षही त्यांचीच. कुणाच्या घरात काय चालले आहे हे मास्तरांइतके कुणालाच ठाऊक नसे. तगाईचा अर्ज, वाटणीचा कागद, लग्नपत्रिकेचा मजकूर, सगळे शाळेच्या पडवीत लिहिले जाई. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ (१९५५) या कादंबरीत औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीवर येणारा तरुण मास्तर हेच सगळे करतो. मुले मेंढरांमागे जातात, शाळा आधी रिकामीच असते. वाडीने त्याला आपला मानल्यावर शाळा भरू लागते. कादंबरी असली तरी एकशिक्षकी शाळेचा इतका बारकाईने लिहिलेला दुसरा दस्तऐवज सापडणे कठीण.

शाळा ‘गावची’ म्हणताना त्या गावात कोण धरले जात होते, हा प्रश्न मात्र फार काळ उघडा राहिला. कागदोपत्री सरकारी शाळा सर्वांना खुली होती. प्रत्यक्षात शाळा देवळात भरत असेल तर महार, मांग, चांभारांच्या मुलांना आत पाऊलच टाकता येत नसे. ती बाहेर झाडाखाली किंवा पायरीजवळ बसत आणि मास्तरांनी दुरून सांगितलेले ऐकत. स्वतंत्र इमारत असली तरी तीच पडवी, तेच वेगळे तरट, पाण्याच्या माठाला हात लावायची तीच मनाई. साताऱ्यासारख्या शहरातही भीमराव आंबेडकरांना वर्गात वेगळे बसावे लागले आणि बसायचे तरट घरून न्यावे लागले, तर खेड्याची कल्पना करता येते. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला. त्याने सरकारकडे दाद मागितली तेव्हा तत्त्व मान्य करूनही अंमल टाळला गेला. सरकारने काढलेली पळवाट म्हणजे अस्पृश्यांसाठी वेगळ्या शाळा. त्या महारवाड्याजवळ निघाल्या, त्यांना शिक्षक मिळणे अवघड, मिळाला तर टिकणे अवघड. तरी पहिल्या पिढीतले अनेक दलित शिक्षक याच शाळांतून पुढे आले, हेही खरे.

ही भिंत सर्वांत आधी हुकमाने पाडली ती कोल्हापुरात. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मूल न पाठवणाऱ्या पालकाला दंडाची तरतूद ठेवली. १९१९ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांनी एकाच शाळेत एकत्र बसावे असा हुकूम काढला. सक्तीच्या बाबतीत बडोदा त्याच्याही पुढे होते. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सबंध संस्थानाला लागू केला. ब्रिटिश मुलखात १९१८ चा विठ्ठलभाई पटेलांचा कायदा झाला, पण तो नगरपालिकांपुरता. खेड्यांना जागा मिळाली ती १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्यात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सी. के. बोले यांचा ठराव कायदे कौन्सिलात मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असे तो सांगत होता. ठराव झाला म्हणून गावाने लगेच ऐकले नाही. अनेक ठिकाणी दलित मुले आत बसली त्या दिवशी बाकीची मुले घरी राहिली. पण लोकल बोर्डाला आता कानावर हात ठेवता येईना.

सक्ती करायची तर शाळा हव्यात, आणि बोर्डाकडे पैसा नव्हता. सातारा जिल्ह्यात या पोकळीत भाऊराव पाटील उतरले. कऱ्हाड तालुक्यातल्या काले इथे १९१९ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या रयत शिक्षण संस्थेची ओळख वसतिगृहे आणि हायस्कुलांमुळे आहे. गावच्या शाळेच्या इतिहासात त्यांचे मोठे काम आहे ते व्हॉलंटरी शाळांचे. बोर्ड जिथे पोचले नाही अशा डोंगराळ वाड्यावस्त्यांवर गावकऱ्यांनी जागा आणि मास्तरांची भाकरी द्यायची, संस्थेने मास्तर द्यायचा, असा तो व्यवहार होता. अशा शेकडो शाळा निघाल्या आणि पुढे त्या सार्वजनिक यंत्रणेत सामावल्या गेल्या. त्यांना लागणारे शिक्षक तयार करण्यासाठी साताऱ्यात १९३५ मध्ये अध्यापक विद्यालय सुरू झाले. फुल्यांना हवा असलेला नांगर धरणारा मास्तर बऱ्याच अंशी इथे घडला.

सगळा मराठी मुलूख एका चालीने चालला नाही. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. माध्यमिक शिक्षण उर्दूत आणि खेड्यात शाळाच तुरळक. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेसारख्या खासगी शाळा त्या काळी मराठी शिक्षणाचा आधार होत्या. स्वामी रामानंद तीर्थ तिथे शिकवत. निजामाचे राज्य संपवणाऱ्या १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यात शाळांचे जाळे विणायला खरी सुरुवात झाली, म्हणजे पश्चिम महाराष्ट्राच्या मागून दोन-तीन पिढ्यांनी. गोव्यात पोर्तुगीज सरकार मराठी शिक्षणाची जबाबदारी घेत नसे. गावकरी देवळाच्या आवारात वर्गणी काढून मराठी मास्तर ठेवत. मुक्तीनंतर दयानंद बांदोडकरांच्या सरकारने गावोगावी सरकारी प्राथमिक शाळा काढल्या.

स्वातंत्र्याच्या आगेमागे गावच्या शाळेत तकली आली. १९३७ मध्ये वर्ध्याला ठरलेल्या नई तालीम योजनेनुसार शिक्षण एखाद्या मूलोद्योगाभोवती गुंफायचे होते: सूतकताई, विणकाम, शेती. मुंबई प्रांताने ती उचलली. पुढे ‘जीवन शिक्षण मंदिर’ हे नाव शेकडो शाळांच्या दारावर चढले आणि अनेक शाळांच्या पाटीवर ते अजून आहे. योजना मात्र रुजली नाही. मास्तरांना सूत काढता येत नव्हते, पेळू वेळेवर येत नव्हते. शेतकऱ्याचे म्हणणे तर याहून सरळ होते: शेतातले काम शिकायला पोराला शाळेत कशाला पाठवायचे? त्याला पोराने फायनल पास व्हायला हवे होते. शाळेने गावच्या कामाशी जोडून घ्यावे असे वरच्या लोकांना वाटे आणि गावाला शाळा हवी होती ती त्या कामातून सुटण्यासाठी. हा विसंवाद पुढेही अनेक योजनांना भोवला आहे.

त्या मानाने ग्रामशिक्षण मोहीम गावाच्या गळी उतरली. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात सुरू होऊन १९६१ पासून राज्यभर पसरलेल्या या मोहिमेत रात्री शाळेत, देवळात, चावडीत कंदील लावून मोठी माणसे अक्षरे गिरवत. शिकवणारा बहुधा शाळेचाच मास्तर किंवा गावातला शिकलेला तरुण. गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. बाया-बापड्या देवाच्या आणि शिक्षणाच्या नावाने शपथ घेत, वाजतगाजत मिरवणूक निघे. शिकलेली अक्षरे सरावाअभावी पुसली जात, ही तक्रार पुढे झाली आणि ती रास्त होती. पण गाव आणि शाळा यांच्यात इतकी जवळीक त्याआधी झाली नव्हती.

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. लोकल बोर्डाची शाळा आता ‘झेडपीची’ झाली. सभापती, सदस्य, सरपंच हे शाळेशी बोलू लागले, मास्तरांच्या बदल्यांत लक्ष घालू लागले. त्यात राजकारण शिरलेच, पण शाळाखोल्याही याच काळात वाढल्या. १९६७ मध्ये बालभारती स्थापन झाली आणि राज्यातल्या सगळ्या शाळांत एकच पाठ्यपुस्तक गेले. मोडी तोवर अभ्यासक्रमातून गेली होती. दगडी पाटी आणि पेन्सिल मात्र आणखी बरीच वर्षे टिकली.

शाळेचे एक काम शिक्षणाबाहेरचे होते आणि त्याचे महत्त्व फार उशिरा कळले. ते म्हणजे जनरल रजिस्टर. मुलाचे नाव, जात, जन्मतारीख, दाखल झाल्याचा आणि शाळा सोडल्याचा दिवस त्यात लिहिला जाई. जन्माची नोंद घरी नसे. आई सांगे, मोठ्या दुष्काळाच्या पुढच्या वर्षी, किंवा धाकट्या दिराच्या लग्नाच्या आधी. मास्तर मुलाकडे पाहून अंदाज बांधत आणि शाळा जूनमध्ये भरते म्हणून १ जून ही तारीख टाकून मोकळे होत. त्यामुळे ग्रामीण महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो आणि ३१ मे रोजी सरकारी कचेऱ्यांत निवृत्तीच्या निरोपसमारंभांची रांग लागते. हेच रजिस्टर पुढे जातीच्या दाखल्याचा आधार झाले. मराठा आरक्षणाच्या प्रश्नावर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या तेव्हा शाळांची जुनी, काही तर मोडीतली रजिस्टरे कपाटांतून बाहेर निघाली. घाईगर्दीत लिहिलेल्या त्या एका शब्दावर आज घराघराचे हक्क अवलंबून आहेत.

साधारण १९६० ते १९९० हा गावच्या शाळेचा भर बहराचा काळ म्हणता येईल. मास्तरांचे ‘गुरुजी’ झाले होते आणि ते बहुधा गावातच राहत. चौथीच्या आणि सातवीच्या स्कॉलरशिपसाठी निवडक मुलांना रात्री शाळेतच झोपायला बोलावून कंदिलाच्या उजेडात गणिते सोडवून घेणारे गुरुजी अनेक तालुक्यांत होते. शाळेची खोली लोकवर्गणी आणि श्रमदानातून उभी राही. कुणी दगड देई, कुणी बैलगाडी, कुणी चार दिवसांची मजुरी. पश्चिम महाराष्ट्रात शिक्षक याला ‘शैक्षणिक उठाव’ म्हणतात आणि कुणी किती दिले हे भिंतीवर रंगवून ठेवतात. कोकणात हा भार गावच्या मुंबई मंडळाने उचलला. गिरणगावातल्या दहा बाय दहाच्या खोलीत बैठक घेऊन चाकरमानी गावच्या शाळेचे पत्रे ठरवत, आणि गणपतीला गावी आले की ते नीट बसले का, हे पाहत. पंधरा ऑगस्टची प्रभातफेरी, गॅदरिंगमधली नाटके, मतदान, लसीकरण, पुराच्या वेळचा आसरा, लग्नाच्या वऱ्हाडाची मुक्कामाची सोय, सगळे शाळेतच. देवळापेक्षा ही जागा अधिक सर्वांची होती, कारण तिच्या दारात आता कुणाला अडवता येत नव्हते. शिकवण्याची गुणवत्ता सगळीकडे सारखी होती असे नाही. एकाच खोलीत चार इयत्ता, गुरुजी जनगणनेच्या किंवा निवडणुकीच्या कामाला गेले की वर्गाला मॉनिटर, हे चित्रही त्याच काळातले. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेने दोन खोल्या आणि दोन शिक्षक हे किमान माप ठरवले, त्यावरून आधी काय होते ते समजते.

मुलींचा पट वाढायला वेळ लागला. पहिलीत बसलेली मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी राही किंवा त्याला कडेवर घेऊनच शाळेत येई. चौथीनंतर शाळा दुसऱ्या गावात असली की तिचे शिक्षण तिथेच संपे. दुर्बल घटकांतल्या मुलींसाठी १९९२ मध्ये दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. रक्कम हसण्यासारखी वाटते, पण मजुरी करणाऱ्या घरात ती मोजली जात होती. एसटीचा मोफत पास मिळाल्यावर पाचवीच्या पुढच्या वर्गांत मुली दिसू लागल्या. १९९५ मध्ये हजेरी भरणाऱ्या मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ मिळू लागला आणि पुढे काही वर्षांत त्याची जागा शिजवलेल्या खिचडीने घेतली. खिचडीच्या पंगतीत जात पाहायची नाही, हा धडा काही गावांत भांडणातून शिकावा लागला. स्वयंपाकीण कोणत्या समाजाची, यावरून वाद झाले आणि बहुतेक ठिकाणी ते निवळले.

वाड्यापाड्यांपर्यंत शाळा पोचवण्याचा शेवटचा मोठा टप्पा म्हणजे वस्तीशाळा. २००० च्या आसपास, जवळ शाळा नसलेल्या वस्त्यांवर स्थानिक तरुण-तरुणींना तुटपुंज्या मानधनावर नेमून या शाळा सुरू झाल्या. कुणाच्या सपरात, कुणाच्या गोठ्यालगत. याच सुमारास नव्या शिक्षकांना पहिली तीन वर्षे ‘शिक्षणसेवक’ म्हणून महिना ३,००० रुपयांवर राबवण्याची पद्धत आली. सरकारचे पैसे वाचले, पण गुरुजींची पत त्याने वाढली नाही. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असणे हा आता हक्क ठरला. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असणे बंधनकारक झाले.

नेमक्या याच काळात गाव शाळेतून पाय काढता घेऊ लागले. तालुक्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेची पिवळी गाडी सकाळी पाराजवळ थांबू लागली. आधी पाटील, सरपंच, शिक्षक यांच्या घरची मुले त्यात बसली, मग ज्याला परवडले त्याची. गावच्या शाळेत उरली ती शेतमजूर, दलित, आदिवासी, भटक्या समाजांची मुले. ज्यांना कधी पायरीवर बसवले गेले त्यांच्यासाठी शाळा मोकळी झाली ती बाकीचे उठून गेल्यावर, असे काही गावांपुरते तरी म्हणावे लागते. गावातली वजनदार माणसे गेली की शाळेसाठी भांडणारे कमी होतात आणि गळके छप्पर गळकेच राहते. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर झालेल्या पटपडताळणीत अनेक शाळांचा पट फुगवलेला निघाला. बदनामी मात्र सगळ्यांचीच झाली.

तरीही याच शाळांतून लक्षणीय कामे उभी राहिली. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. पुस्तकांत क्यूआर कोड वापरून मुलांपर्यंत ध्वनिचित्रफिती पोचवण्याचे त्यांचे काम त्यामागे होते. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात जिल्हा परिषदेच्याच एका शिक्षकाच्या पुढाकाराने ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली आणि साठी ओलांडलेल्या बायका गुलाबी नऊवारीत पाटी घेऊन बसू लागल्या. चांगल्या शाळांच्या गावात मुले इंग्रजी शाळेतून परत येतात, असेही काही तालुक्यांत घडले आहे. पण ते गुरुजींच्या बदलीपर्यंत टिकते.

सध्याचा वाद पटाचा आहे. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी मुले असलेल्या १,३१४ शाळा जवळच्या शाळेत मिसळण्याचा निर्णय जाहीर झाला. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पट असलेल्या सुमारे १५ हजार शाळांसाठी समूहशाळांची कल्पना पुढे आली: लहान शाळा एकत्र करायच्या आणि मुलांना गाडीने आणायचे. तिच्या बाजूचा युक्तिवाद पोकळ नाही. चार मुले आणि एक शिक्षक यांत खेळ, गटकाम, स्पर्धा काहीच होत नाही. विरोधकांचा मुद्दा अंतराचा आहे. डोंगरी भागात पावसाळ्यात ओढे भरतात, गाडी वेळेवर येत नाही आणि पहिली गळते ती मुलगी. वीस ही संख्या कशावरून ठरली, हाही प्रश्न आहेच. १८२९ मध्ये इलाख्यातल्या शाळेची सरासरी तेवढीच होती. पट फार वाढलेला काळ हाच इतिहासातला अपवाद असू शकतो, आणि जननदर उतरल्यावर लहान शाळा पुन्हा नेहमीच्या होतील.

शिवाय पटाचा आकडा वर्षभर एकच नसतो. बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतली कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्या पाच-सहा महिन्यांत भरलेली शाळा निम्मी होते. कारखान्यांच्या तळावर साखरशाळा काढण्याचे प्रयत्न झाले, पण तोडकऱ्यांची कोपी, म्हणजे झोपडी, एका जागी फार काळ राहत नाही आणि शिक्षकही राहत नाही. त्यापेक्षा बरा ठरला तो हंगामी वसतिगृहाचा मार्ग. आईबाप उसाच्या फडात गेले तरी मूल गावातच, आजीकडे किंवा चुलत्याकडे राहते. शाळा व्यवस्थापन समिती त्याच्या सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची सोय करते, दुपारची खिचडी शाळेत असतेच. सरकारकडून अनुदान येते, पण अनेकदा हंगाम अर्धा सरल्यावर. तोवर किराणा उधारीवर आणायचा की वसतिगृहाचा आरंभच पुढे ढकलायचा, हे गावातल्या समितीला ठरवावे लागते, आणि मूल फडावर जाणार की वर्गात राहणार हे त्यावर ठरते.